छातीचे पन्नास एक्स-रे

बाबा गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना माझं एक्स-रे तंत्रज्ञाच्या प्रशिक्षणाचं लॉगबुक सापडलं. नाशिकच्या रुग्णालयात पहिल्या तीन महिन्यांत मी छातीचे पन्नास एक्स-रे काढल्याचं त्यात लिहिलं आहे आणि प्रत्येक नोंदीपुढे आम्हाला शिकवणाऱ्या सरांची झोकदार सही आहे. खरं तर त्या काळात मी व्हीलचेअर ढकलल्या, चहा आणला आणि मशीनपासून लांब उभी राहिले. सर पन्नास सह्या एका बैठकीत ठोकत; एवढी एकाग्रता त्यांनी पेशंटवर कधी खर्च केली नाही.

लॉगबुकवर विश्वास एकट्या बाबांचाच होता. खोकला हटेना, तेव्हा सातपूरच्या कारखान्यातली पहिली पाळी सुटताच ते थेट रुग्णालयात आले.

"माझा एक्स-रे माझी मुलगीच काढणार," त्यांनी सरांना बजावलं.

"काढेल की! पन्नास काढलेत तिने," सर म्हणाले.

मी बाबांना उभं केलं, काचेमागे गेले, "श्वास घ्या, रोखा" म्हणाले आणि बटण दाबलं. पडद्यावर बरगड्या उमटल्या. माझा पहिलावहिला एक्स-रे बघताना मी "सोडा" म्हणायचंच विसरले. बाबा लालबुंद होऊन तसेच उभे.

"अगं, श्वास सोडायला सांग! रिपोर्ट कोणाला द्यायचा?" सर ओरडले.

"मला वाटलं, मोठं मशीन आहे, वेळ लागत असेल," बाबा धापा टाकत म्हणाले. "नीट आला ना?"

सर पडद्याजवळ वाकले होते. उजव्या फुप्फुसातला डाग मलासुद्धा स्पष्ट दिसत होता.

"हो बाबा," मी म्हणाले. "अगदी नीट आलाय."