मॅडमची लेन

एखादं काम लांबलं की त्याच्या बिलांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. आमच्या नाक्याचं काम तर भलतंच लांबलंय! उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर, तिन्हीकडची गर्दी जिथं एकमेकींत शिंगं अडकवून उभी राहते, तो हा नाका. जुना पूल पाडून नवा पूल आणि नवे रॅम्प बांधायचे, तेही वाहतूक चालू ठेवून. आमचं साइट ऑफिस म्हणजे एक पत्र्याचा कंटेनर. दुपारी तिथं डबे उघडले की किस्सेही उघडतात.

सगळ्यांच्या मुळाशी आमच्या कदम मॅडम. प्रोजेक्टच्या प्रमुख. पहिल्याच मीटिंगला त्यांनी नकाशावर एक पट्टी ओढली. "नाक्यापलीकडे हॉस्पिटल आहे. ही लेन ॲम्ब्युलन्सची. काम संपेपर्यंत एक दिवसही बंद होणार नाही."

आमच्यातला एक जण हळूच म्हणाला, "मॅडम, इथं लोक फुटपाथवरून बाइक घालतात."

"घालू देत. लेनमध्ये नाही घालणार."

आम्ही मनातल्या मनात हसलो. खोटं कशाला बोलू!

* * *

मॅडमचा दुसरा नियम असा, की वाहतुकीचं वळण ज्यानं आखलं, पहिल्या दिवशी झेंडा त्यानंच धरायचा. शिव्या आखणाऱ्याच्याच कानावर पडल्या पाहिजेत!

पहिलं वळण मी आखलं. सोमवार होता. उन्हात झेंडा घेऊन उभा होतो आणि नवनवीन शब्द शिकत होतो. तेवढ्यात एक रिक्षा समोर येऊन थांबली. आत माझ्या सासूबाई, हातात बेलाची परडी. शिवमंदिराला निघाल्या होत्या आणि अर्धा तास अडकल्या होत्या.

"जावईबापू, तुम्ही इथं? बरं झालं भेटलात. हा रस्ता असा कुठल्या शहाण्यानं वळवलाय हो? मला त्याचं तोंड बघायचंय!"

म्हटलं, "बघताय की!"

त्या आठवड्यात सासरी जेवायला गेलो नाही.

* * *

लेनला लागूनच हरेशसेठचं फर्निचरचं दुकान. सिंधी माणूस, दिलदार, पण त्याचा टेम्पो रोज लेनमध्ये. "साईं, फक्त पाच मिनट! सोफा उतरवतो, बस."

एके दिवशी मॅडमनी त्याच्याच दुकानातली खुर्ची मागवली, लेनमध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "सेठ, तुमची पाच मिनिटं इथं बसून काढा. चहा माझ्याकडून."

सेठ ऐटीत बसला. चहा अर्धा झाला नसेल, तोच मागून सायरन! सेठ एका हातात कप आणि दुसऱ्या हातात खुर्ची घेऊन जो धावला, तो थेट दुकानाच्या काउंटरमागे. ॲम्ब्युलन्सच्या काचेतून एक बाई त्याच्याकडे बघत गेली म्हणे. तिचा चेहरा त्यानं आम्हाला कितीदा तरी सांगितला.

त्या दिवसापासून लेनमध्ये कुणी गाडी लावली की आमच्या आधी हरेशसेठ ओरडतो, "ए भाई, हटाव! ये रोड तेरे पप्पा का है क्या?"

* * *

आता भाऊ. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. त्यांच्या गाडीला सायरन होता. कसा, ते विचारायचं नाही. एकदा ते लेनमध्ये घुसले. मॅडम गाडीसमोर उभ्या राहिल्या.

"भाऊ, पेशंट कुठंय?"

भाऊंनी काच खाली केली, छातीला हात लावला आणि डोळा मारला. "मीच पेशंट!"

"मग थांबू नका!" मॅडमनी झेंडा हलवला.

भाऊंच्या एक गोष्ट लक्षात नव्हती. सेठचं दुकान सोडलं की पुढे लेनच्या दोन्ही बाजूंना बॅरिकेड. मध्ये बाहेर पडायला जागा नाही. लेन संपते ती थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीच्या दारात! मॅडमनी पुढे फोन केलाच होता. व्हीलचेअर तयार. भाऊंचा ईसीजी निघाला, रक्त घेतलं, कार्यकर्ते बाहेर घोषणा देत बसले. रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "मीठ कमी करा आणि धावपळही."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी लेनच्या तोंडाशी मोठा बोर्ड लावला. "हा रस्ता फक्त हॉस्पिटलला जातो. जायचंय?"

तेव्हापासून घुसणारे निम्मे लोक तिथूनच रिव्हर्स घेतात.

* * *

भाऊंनी मात्र डूख धरला. शिरगावच्या सभेत त्यांनी रॅम्पच्या उद्घाटनाची तारीख परस्पर जाहीर करून टाकली. शेवटचा गर्डर, म्हणजे भलीमोठी आडवी तुळई, चढायचा बाकी होता आणि त्यासाठी क्रेन उभी करायला जागा एकच, लेन! वरच्या ऑफिसातून फोन आला. लेन द्या, नाहीतर बदलीची तयारी ठेवा.

मॅडम फोनवर एवढंच म्हणाल्या, "तारीख गाठून देते. लेन देणार नाही."

फोन ठेवून त्यांनी नकाशा पुन्हा टेबलावर पसरला. त्या दिवशी मला खरंच भीती वाटली. या बाई गेल्या तर लेनही जाणार, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं.

मार्ग एकच होता. लेन बाजूला सरकवायची, म्हणजे हरेशसेठच्या दुकानापुढच्या पत्र्याच्या शेडमधून न्यायची. शेड बेकायदा होती, पण नोटिशीला वेळ नव्हता. मॅडम स्वतः गेल्या. आम्ही दारात उभे.

सेठनं सगळं ऐकून घेतलं. वर पत्र्याकडे बघितलं. मग म्हणाला, "तोडा, मॅडम. फक्त पाच मिनट द्या. सोफे आत घेतो!"

* * *

गर्डरचा रविवार. नवं वळण मॅडमनी आखलेलं, म्हणून झेंडाही त्यांच्याच हातात. जुन्या लेनवर क्रेन, गर्डर अधांतरी, सगळ्यांच्या माना वर. नवी लेन सेठच्या सोफ्यांना अगदी घासून.

आणि सायरन वाजला.

सेठ "हटो, हटो!" करत पुढे धावला. ॲम्ब्युलन्स बोर्डापाशी वळायला जरा हळू झाली. आत स्ट्रेचरवर भाऊ. चेहरा घामानं डबडबलेला, पांढराफटक. त्यांनी तोंडावरचा मास्क कसाबसा बाजूला केला आणि अर्धवट उघड्या काचेतून मॅडमकडे बघत हात जोडले.

"मॅडम... जायचंय!"

मॅडमनी झेंडा हलवला.