झाडूचा दांडा आणि दोन इंच

मामाला मागून हाक मारली की तो नुसती मान वळवत नसे, अख्खा वळत असे. कपाट फिरवावं तसा. भाचीनं लहानपणी ही नक्कल इतकी झकास बसवली होती, की पाहुणे आले की हमखास फर्माईश व्हायची. मामाही पोट धरून हसायचा.

आता भाची शाळेत गणित शिकवत होती आणि हौसेनं घेतलेली उघड्या टपाची गाडी सुट्टीच्या दिवशी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवणार होती. ट्रॅकवाल्यांची अट होती, सीटमागे रोल बार हवा. म्हणजे गाडी उलटलीच तर डोक्याआधी जमिनीला टेकणारी पोलादी कमान. या कमानी बसवण्यात मामाची हयात गेली होती, आणि त्याच्या वर्कशॉपमध्ये कुणाची मिजास चालत नसे.

"ती चकचकीत नको," मामानं भिंतीवरची पहिलीच कमान निकालात काढली. "नुसता थाट. मागून टेकूसुद्धा नाही. ही घे."

ही म्हणजे काळी, ओबडधोबड, मधून तिरकी दांडी गेलेली. आणि एवढी उंच, की कापडी टप तिच्यावरून मिटणारच नव्हता. भाचीनं तिसरीवर बोट ठेवलं. मजबूत तशीच, पण बुटकी. टप कसा अलगद बंद व्हायचा!

मामानं ती बुटकी कमान तात्पुरती अडकवली. "बस आत. हेल्मेट घाल, पट्टा आवळ."

मग त्यानं झाडूचा दांडा आणला. एक टोक पुढच्या काचेच्या वरच्या कडेवर, दुसरं कमानीवर. हेल्मेट दांड्याच्या खाली दोन इंच राहिलं तर पास, नाहीतर नापास. भाची अंगानं उंच. तिनं मामाची नजर चुकवून हळूच पाठ वाकवली आणि सीटवरून खाली घसरली. परीक्षेत कॉपी करणारी पोरं पकडणारी बाई ती!

"बघ, दोन इंच सुटले!"

एरवी मामानं वर्कशॉप डोक्यावर घेतलं असतं. आज त्यानं दांडा तसाच धरून ठेवला. मग म्हणाला, "मीही अस्साच घसरून बसलो होतो. तुझ्याच वयात. मलाही टप मिटायला हवा होता ना. वळणावर गाडी उलटली. उलटं लटकल्यावर माणूस वाकून बसत नाही गं, पट्ट्यातून लांब होतो. कमान टिकली. मान गेली."

"मान? म्हणजे तू वळतोस ते..." भाचीनं हेल्मेटची काच वर केली. "मला कुणी सांगितलं का नाही?"

"मीच तुझ्या आईला बजावलं होतं. पोर एवढी छान नक्कल करते, कशाला मोडता घालायचा?"

भाचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं पाठ ताठ केली. हेल्मेट खाडकन दांड्यावर आपटलं.

"काळी लाव," ती म्हणाली.

"आणि पाऊस आला तर?"

"भिजेन."

मामा पाने-पकडी आणायला वळला, अख्खाच. भाची मान खाली घालून पट्टा सोडवत राहिली.

"हसलीस तरी चालेल गं," तो पाठमोराच म्हणाला.