शनिवारची सुनावणी

आमच्या कार्यालयात त्याला सगळे वाचस्पती म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण ते इतकं चिकटलं की नवे साहेब आले की हजेरीपटावरचं खरं नाव त्यांना वेगळं सांगावं लागे. तो आवक-जावक विभागात, मी लेखा विभागात, आणि मध्ये एक लोखंडी कपाट. टपालाची थैली फोडण्याआधी तो खणातलं पुस्तक काढून दोन-चार पानं वाचायचा. "उपाशीपोटी काम करू नये," म्हणायचा.

मी वाणिज्य शाखेचा. माझा कथा-कादंबऱ्यांशी संबंध तसा बेताचाच. तरी आमची मैत्री जमली, कारण त्याला बोलायला लागे आणि मला ऐकायला कंटाळा नव्हता.

त्याच्या घरात माणसं दोनच, तो आणि वहिनी. त्यांची एक रीत होती. वहिनी वाचनालयातून आठवड्याला एक पुस्तक निवडून आणायच्या. आधी त्या वाचायच्या, मग तो. दोघांचं वाचून होईपर्यंत त्या पुस्तकाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. मग शनिवारी दुपारी चहाचं आधण ठेवलं की भांडणाला सुरुवात. एकानं पुस्तकावर आरोप करायचे, दुसऱ्यानं त्याची बाजू घ्यायची. याला ते दोघं 'सुनावणी' म्हणत. मला न्यायाधीश म्हणून बोलावणं असे. मी म्हणे, मी तर वाचलेलंच नाही. त्यावर वहिनी म्हणत, "म्हणूनच तुम्ही हवेत, भावजी. ज्यानं वाचलं नाही तोच निष्पक्ष."

त्या घरात आवाज चढायचे ते फक्त शनिवारी, आणि तेही कागदावरच्या माणसांसाठी. एकदा एका नायिकेनं माहेरी निघून जावं की नाही यावरून वहिनी इतक्या तापल्या की चहा उतू गेला. वाचस्पती शांतपणे म्हणाला, "नायिका गेली आणि चहाही गेला." वहिनी हसल्या आणि निकाल न देताच मी सुटलो.

मग तो आजारी पडला. सकाळी तोंड धुताना चक्कर येऊन कोसळला. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची छोटी गुठळी होती, थोडक्यात निभावलं. हात चालत होते, पाय चालत होते, जीभ तर पूर्वीसारखीच. थोडी विश्रांती घेऊन तो कामावर रुजू झाला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं.

रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यानं शिपायाबरोबर मला एक चिठ्ठी पाठवली. अक्षर नेहमीसारखं सुरेख, पण एक शब्द घाईत लिहिलेला. मी कपाटाला वळसा घालून गेलो आणि विचारलं, "हे काय लिहिलंयस?"

त्यानं चिठ्ठी हातात घेतली. बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "तूच सांग. काय लिहिलंय मी?"

मला वाटलं, थट्टा करतोय. त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कळलं, ही थट्टा नाही. त्याला लिहिता येत होतं. वाचता येत नव्हतं. स्वतःचं लिहिलेलंसुद्धा.

त्याच संध्याकाळी मी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की डोळे धड आहेत, शब्दही शाबूत आहेत, पण एकाकडून दुसऱ्याकडे जायची वाट बुजली आहे. सरावानं थोडी उघडेल, कदाचित नाहीही उघडणार. एक उपाय त्यांनी दाखवला. अक्षर बोटानं गिरवायचं. डोळ्याला जे ओळखता येत नाही ते कधीकधी बोट ओळखतं. बाहेर आल्यावर वाचस्पतीनं मांडीवर बोट फिरवत दवाखान्याची पाटी वाचली. ती चार अक्षरं वाचेपर्यंत मागून येणारी माणसं आम्हाला ओलांडून गेली.

"हिला कळता कामा नये," तो म्हणाला.

"अरे, बायको आहे तुझी."

"म्हणूनच. सुनावणी मोडायची नाही मला."

माणूस अजून हादरलेला आहे, आठवडाभरात आपणच सांगेल, असं मला वाटलं.

कामाचं आम्ही निभावून नेलं. पाकिटाचा रंग, शिक्का, कागदाचा पोत यांवरून तो निम्मं टपाल ओळखायचा. उरलेलं माझ्या टेबलावर यायचं. मी पुटपुटल्यासारखं वाचायचो, तो नोंद करायचा. साहेबांनी विचारलं तर चष्मा बदलायला टाकलाय, असं ठरलं होतं.

घरी मात्र चष्म्याची सबब चालणार नव्हती. तिथं तो पुस्तक घेऊन खुर्चीत बसायचा आणि अंदाजानं पानं उलटायचा. वर्षानुवर्षं वाचणाऱ्या माणसाला एका पानाला किती वेळ लागतो हे अंगवळणी पडलेलं असतं, त्यामुळे बघणाऱ्याला काही कळलं नसतं. शनिवारी वहिनींनी नेहमीप्रमाणे विचारलं, "बोला, आरोप की बचाव?" तो म्हणाला, "ठीक आहे पुस्तक." वहिनींनी एकटीनंच आरोप केले आणि एकटीनंच मागे घेतले. मी आपला चहा प्यायलो.

रविवारी तो मला जुन्या पुस्तकांच्या रस्त्यावर घेऊन गेला. पदपथावर पुस्तकं पसरून विक्रेते बसलेले. एकानं याला लांबूनच हाक मारली, "साहेब, तुम्ही किती दिवस शोधत होतात ते आलंय बघा." वाचस्पतीनं पुस्तक घेतलं, वास घेतला, पाठीवरून अंगठा फिरवला आणि पिशवीत टाकलं.

"कशाला घेतलंस?" मी पुढे गेल्यावर विचारलं.

"सापडलं म्हणून," तो म्हणाला.

त्यानंतरच्या आठवड्यात ती दोघं नाटकाला गेली आणि मलाही ओढून नेलं. त्या दिवशी मला जुना वाचस्पती भेटला. रंगमंचावर माणसं बोलत होती, वाचायचं काही नव्हतं. तो खदखदून हसला. परतताना बसथांब्यापर्यंत शेवटच्या प्रवेशावरून वहिनींशी कडाडून भांडला. मला वाटलं, आता गाडं रुळावर येणार. झालं उलटंच. बसची वाट पाहताना तो पाणी प्यायला बाजूला गेला, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "पाहिलंत ना, भावजी? भांडता येतं त्यांना अजून. फक्त मी आणलेल्या पुस्तकांवर भांडावंसं वाटत नाही. कंटाळा आला असेल माझ्या निवडीचा. माझाही असेल."

त्यांनी हे हसत सांगितलं. मला त्या हसण्याकडे बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी त्याला सगळं सांगितलं. मग त्यानं पिशवीतून त्या आठवड्याची कादंबरी काढून माझ्यासमोर ठेवली. "तू वाच. रोज दुपारी मला सांग. शनिवारी मी बोलेन."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"गोष्ट तर कळते ना? तेवढं पुरे. बाकीचं मी लावतो."

मी वाचली. दोन भावांच्या वाटणीची गोष्ट होती. लेखापरीक्षण करावं तशी मी ती त्याला रोज जिन्यात बसून सांगितली. कोण काय बोललं, कोण कोणावर रुसलं, घर कोणाकडे गेलं, भांडी कोणाकडे, घड्याळ कोणाकडे. तो मध्येच विचारी, "पाऊस पडत होता का तेव्हा? थोरल्याची बायको दारात उभी होती की आत?" मला ते आठवत नसे. "अरे, हिशेब नको सांगू, माणसं सांग," तो वैतागे. पण गोष्ट पुरी झाली, आणि शनिवारी तो तयारीनं बसला.

सुरुवात झकास झाली. त्यानं धाकट्या भावाला असं काही धारेवर धरलं की वहिनींचा चेहरा उजळला. त्या पदर खोचून त्या धाकट्याच्या बचावाला उभ्या राहिल्या. आवाज चढले. मी सुखावून पाठ टेकली.

मग वहिनी म्हणाल्या, "ते सगळं राहू द्या. घड्याळाचं काय म्हणता?"

"घड्याळ धाकट्याकडे गेलं," तो म्हणाला.

"कुठं गेलं ते नाही हो विचारत. आदल्या दिवशीचं. मला तर रडूच आलं तिथं."

तो माझ्याकडे पाहू लागला. मला आठवलं. वाटणीच्या आदल्या दिवशी म्हातारी आई, सकाळी उतरवलं जाणार असलेल्या त्या भिंतीवरच्या घड्याळाला नेहमीसारखी चावी देते. बस, एवढंच. त्यात काही घडत नव्हतं, म्हणून मी ते सांगितलं नव्हतं.

वहिनींनी पुस्तक उघडून त्याच्या हातात दिलं. "वाचा ना मोठ्यानं. मला पुन्हा ऐकायचंय."

त्यानं पुस्तक धरलं. त्याचं बोट मांडीवर एकदा हललं आणि थांबलं. मग तो वाचू लागला. थोरल्या भावानं घड्याळ उतरवलं. भिंतीवर रंग न उडालेला एक गोल राहिला. थोरला बराच वेळ त्या गोलाकडे पाहत उभा राहिला, आणि किती वाजले असं कोणी विचारलं तेव्हा त्यानं सवयीनं तिकडेच पाहिलं. वाचस्पती थांबत, श्वास घेत, सावकाश वाचत होता. योग्य वेळी त्यानं पानही उलटलं. पुस्तकात यातलं अक्षर नव्हतं. मी ते पुस्तक वाचलं होतं, आणि वहिनींनीही.

मी वहिनींकडे पाहिलं. त्या पुस्तकाकडे बघतच नव्हत्या, त्याच्याकडे बघत होत्या. त्यांनी त्याला मध्ये अडवलं नाही. तो थांबला तेव्हा म्हणाल्या, "छान लिहिलंय."

"हो," तो म्हणाला. "लिहितो बरा माणूस."

जिन्यापर्यंत पोचवायला वहिनी आल्या. "कधीपासून, भावजी?" एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "मला कळलंय हे त्यांना सांगू नका. इतक्या कष्टानं लपवलंय त्यांनी."

पुढच्या आठवड्यात वहिनींनी वाचनालयात जाणं बंद केलं. डोळे दुखतात, वाचवत नाही आता, असं कारण त्याला सांगितलं. त्यानं ते मला जसंच्या तसं सांगितलं, आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "वाचस्पती, वहिनींना माहीत आहे सगळं."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "मी वाचत होतो तेव्हा ती एकदाही पानाकडे बघत नव्हती."

"मग बोलत का नाहीस त्यांच्याशी? त्या वाचून दाखवतील तुला. आनंदानं दाखवतील."

"दाखवेल की. रोज दाखवेल. घसा बसेपर्यंत दाखवेल." त्यानं समोरची पाकिटं सारखी केली. "आणि मग शनिवारी मी तिच्याशी भांडायचं कसं? जी आपल्याला घास भरवते तिला, स्वयंपाक बिघडलाय, असं म्हणता येतं का? ती माझं ऐकून घेईल रे. प्रत्येक वेळी हार मानेल. ते मला नाही सोसायचं."

मी वरचं पाकीट उचललं आणि पुटपुटत वाचू लागलो.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी सवयीनं गेलो. रेडिओवर गाणी लागली होती. वहिनी मटार सोलत होत्या, तोही सोलू लागत होता. चहा झाला. वहिनींनी विचारलं, खिडकीला निळा पडदा शिवू का, की आहे तोच बरा? तो म्हणाला, तुला आवडेल तो. त्या म्हणाल्या, नाही, तुम्ही म्हणाल तो. तो म्हणाला, मग निळा. त्या म्हणाल्या, हो, निळाच छान दिसेल.

कोणाचाही आवाज चढला नाही. मी लवकर निघालो. त्यांनी मला आग्रहही केला नाही.