चरबी आणि मेण

आई शहरात, राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात पडून होती आणि आण्णा, म्हणजे माझे वडील, तिकडं गावात चुलीपुढं बसून बंदुकीच्या गोळीला लावायचं वंगण शिजवत होते. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी तेव्हा राजारामपुरीतच एका शिकवणी वर्गात गणित शिकवायचे आणि जवळच एका खोलीत भाड्यानं राहायचे. दिवाळी तोंडावर आली होती, गल्लीत आकाशकंदील लागत होते. मी दवाखाना, वर्ग आणि गारगोटीची एस.टी. एवढ्यातच फिरत होते आणि कुठंच माझा काही उपयोग होत नव्हता.

आमचं गाव गारगोटीच्याही पुढं, डोंगराच्या पायथ्याला. आण्णा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा त्यांना तिथं जमीन मिळाली. त्याआधी आमच्या घराण्यात कुणाच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. आजोबांनी सारी हयात दुसऱ्याच्या रानात राबून काढली. पुढं आम्ही बौद्ध झालो, शिकलो, आण्णा फौजेत गेले. पण स्वतःच्या रानातलं भात स्वतःच्या घरात येणं हे आमच्याकडं पहिल्यांदाच घडत होतं. आण्णा ते भात जिवापाड राखायचे. वरच्या जंगलातून रानडुकरं उतरत, म्हणून त्यांनी पीक राखायचा परवाना काढून एक जुनी ठासणीची बंदूक घेतली होती. नळीत वरून दारू ओतायची, गजानं ठासायची आणि बार काढायचा. गोळी ते कधी घालत नसत. आवाजानंच डुकरं पळायची. आणि घरात आई होती. ती रोज सकाळी पंचशील म्हणायची. जीव घ्यायचा नाही हे त्यातलं पहिलं शील ती नुसतं म्हणत नसे. घरात उंदीर सापडला तरी पिंजरा उचलून ओढ्यापलीकडं सोडून यायची.

त्या दिवशी आण्णा गारगोटीला बाजाराला गेले होते. तिथं त्यांना फौजेतला जुना सोबती भेटला, चहा झाला, बोलणं लांबलं आणि नेहमीची गाडी चुकली. दिवस मावळताना डुकरं भातात उतरली. आईला बंदूक चालवता येत नव्हती. ती पत्र्याचा डबा बडवत एकटीच बांधावरून धावली. बाकीची डुकरं पळाली, पण एक मोठा नर उलटा फिरून तिच्या अंगावर आला. त्यानं सुळ्यानं तिची उजवी मांडी फाडली. शेजारच्या रानातल्या लोकांनी तिला उचलून आणलं. आण्णा एस.टी.तून उतरले तेव्हा तिला घेऊन जीप निघतच होती. ते तसेच पिशवीसकट जीपमध्ये चढले.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा ते दारातल्या बाकावर बसले होते. आईला टाके घालून बाहेर आणलं, तरी ते उठून आत गेले नाहीत. सकाळ होताच मला म्हणाले, "भात राखाय तिथं कोण हाय?" आणि निघून गेले. मला वाटलं, रानाची काहीतरी सोय लावतील आणि उद्यापरवा परत येतील. ते आले नाहीत. गावातल्या एस.टी.डी. बूथवर फोन करून निरोप ठेवले, तरी आले नाहीत. उलट त्यांचाच निरोप आला: येताना मधमाशीचं चांगलं मेण घेऊन ये.

रविवारी मी आईची लुगडी आणायला गावी गेले. परसात आण्णा चुलीवर लोखंडी पळीत शिसं वितळवत होते. शेजारी कात्रीसारख्या दांड्यांचा साचा होता. बंदुकीबरोबर आलेला तो साचा माझ्या आठवणीत कधीच ट्रंकेतून बाहेर निघाला नव्हता. वितळलेलं शिसं साच्यात पडायच्या आधी थोडं मातीवर सांडायचं आणि तिथंच चकाकत गोठायचं. पोत्यावर गोळ्या मांडून ठेवल्या होत्या, एका डुकराला लागतील त्याच्या कितीतरी पट जास्त.

मी म्हटलं, परवाना पिकासाठी आहे, डुक्कर मारलंत तर वनखात्याचे लोक तुम्हाला आत घालतील. ते म्हणाले, घालू देत. आईबद्दल त्यांनी विचारलं नाही. मी आपणहून सांगत होते, ताप आहे, जेवत नाही, तर ते मान खाली घालून गोळीचा कंगोरा कानशीनं घासत राहिले.

मग तेच बोलू लागले, पण गोळीबद्दल. नुसती शिशाची गोळी नळीत नीट बसत नाही. तिच्याखाली कापडाची चिंधी लागते आणि चिंधीला वंगण लागतं. वंगण नसलं तर पहिल्या बारानंतर दारूची काजळी नळीत घट्ट बसते आणि दुसरी गोळी आत जात नाही. फौजेत त्यांच्या हाती होत्या त्या रायफली वेगळ्या. हे सगळं त्यांनी कधीतरी एका म्हाताऱ्या शिकाऱ्याकडून ऐकलेलं होतं आणि आता ते आठवून आठवून करत होते. आधी त्यांनी घरातल्या मेणबत्त्या वितळवून त्यात गोडेतेल घातलं होतं. एक बार नीट उडाला. मग नळीत डांबरासारखा राप धरला आणि दुसरी गोळी मध्येच अडकली. अडकलेल्या गोळीवर बार काढला तर नळी फुटून माणूसच जायचा. ती गोळी बाहेर काढायला त्यांचा अख्खा दिवस गेला होता. "डुक्कर पहिल्या गोळीला पडंलच असं न्हाय," ते म्हणाले. "दुसरी जायाच पायजे."

मेण मी आणलं होतं. शाहूपुरीत दोनतीन दुकानं फिरल्यावर ते पिवळं, मधाचा वास असलेलं मेण मिळालं होतं. आण्णांनी ते नखानं खरवडून पाहिलं, हुंगलं आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर जरा समाधान दिसलं. आता फक्त चरबी हवी होती. बोकडाची, पण मीठ न लावलेली, कारण मिठानं नळी गंजते. पुढच्या खेपेला आण, म्हणाले. मी हो म्हटलं. नाही म्हणायची ताकद माझ्यात नव्हती. ते काहीतरी करत होते, आणि ते थांबले तर काय होईल याची मला भीती वाटत होती.

आठवड्याच्या मध्यावर मी सकाळी खाटकाकडून चरबी घेतली. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, वर वर्तमानपत्र गुंडाळून ती माझ्या शबनममध्ये टाकली आणि तशीच दवाखान्यात गेले. आईचा ताप उतरला नव्हता. मी तिच्या उशाशी बसले तेव्हा मला वास आला. मला वाटलं, पिशवी गळतेय. मी शबनम उचलून बाहेर व्हरांड्यात ठेवून आले, तरी वास जाईना. खिडकी उघडली, तरी जाईना. मग पट्टी बदलायला सिस्टर आल्या. त्यांनी पट्टी सोडली आणि त्यांचे हात थांबले. तो वास चरबीचा नव्हता, आईच्या मांडीचा होता.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. जखम आतून सडत चालली होती. डुकराच्या सुळ्याची घाण फार खोल गेली होती. औषधं बदलून पाहिली होती, पण आता पाय ठेवला तर जीव राहायचा नाही, असं ते म्हणाले. उद्या सकाळी ऑपरेशन करू, घरातलं मोठं माणूस कोण आहे, त्यांना बोलावून घ्या. मी भिंतीला टेकून उभी राहिले. समोर रस्त्यावर रिक्षा उभ्या होत्या, एक पोरगी सायकलवरून क्लासला चालली होती. सगळं नेहमीसारखं चाललं होतं आणि मला एकाएकी वाटलं, मी इथून सरळ चालायला लागावं आणि परत येऊ नये.

आत गेले तर आईला सगळं कळलेलं होतं. कुणी सांगितलं, माहीत नाही. ती रडली नाही. तिनं विचारलं, आण्णा तिकडं काय करतायत. मी म्हटलं, भात राखतायत. ती माझ्याकडं बघत राहिली. मला खोटं रेटता आलं नाही. मी गोळ्यांचं, मेणाचं, व्हरांड्यातल्या चरबीचं सगळं सांगून टाकलं. आईनं डोळे मिटले. मला वाटलं, ग्लानी आली. पण ती बोलली, अगदी हळू.

"त्यास्नी सांग, डुक्कर मारून माझा पाय शिवला जायाचा न्हाय. मला हितं माणूस पायजे. उद्याचं मला भ्या वाटतंय."

आईला भीती वाटते हे मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

वर्गात माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एक बाई आईपाशी बसल्या आणि मी गारगोटीची गाडी धरली. पिशवी बरोबर घेतली. ती फेकून द्यावी हे सुद्धा सुचलं नाही. गारगोटीत गाडी बदलून गावी पोचेपर्यंत दुपार कलली होती. आण्णांनी पिशवी हातात घेतली आणि पहिल्यांदा विचारलं, "मीठ न्हाय न्हवं लावल्यालं?"

मी त्यांना पाय काढायचं सांगितलं. आईचा निरोप शब्दाला शब्द सांगितला. ते पाटावर बसले, पिशवी सोडली आणि चरबीचे बारीक तुकडे करायला लागले. सुरी वेडीवाकडी चालत होती. मी ओरडले की उठा, संध्याकाळची गाडी मिळेल. तेव्हा ते खालीच बघत म्हणाले, "मोकळ्या हातानं कसा येऊ? काय सांगू तिला, चा पीत बसलो हुतो म्हणून?"

मग मला कळलं की हे डुक्कर, ही गोळी, हे सगळं कशासाठी चाललं होतं. राग यायला हवा होता, पण आला नाही. मी त्यांच्या हातातली सुरी घेतली. मला वाटलं, हे लवकर उरकलं तरच हा माणूस हलेल. तुकडे पातेल्यात घातले, जरा पाणी ओतलं, चूल मंद केली. चरबी पाझरत गेली. वासानं डोकं उठलं. ती फडक्यातून गाळून त्यात मेणाचे तुकडे टाकले आणि आण्णा काडीनं ढवळत राहिले. थेंबभर दगडावर टाकायचे, निवला की बोटानं चोळायचे. एकदा फार कडक झालं, मग चरबी वाढवली. एकदा बोटावरच वितळलं, मग मेण वाढवलं. शेवटी त्यांनी एक थेंब दोन बोटांत धरून पसरला आणि मान हलवली. लोण्यापेक्षा जरा घट्ट, पिवळट असं काहीतरी झालं होतं. जुन्या धोतराच्या चिंध्या त्यात बुडवून त्यांनी सुपात मांडल्या.

तोवर संध्याकाळची गाडी गेली होती.

दिवस मावळायला आम्ही दोघं रानातल्या माळ्यावर, राखणीच्या मचाणावर, जाऊन बसलो. खाली भात अर्धंअधिक लोळवलेलं होतं. एवढे दिवस राखत असूनही डुकरं रोज येऊन गेली होती हे तेव्हा मला दिसलं. ते राखत नव्हतेच. अंधार पडायच्या आत डुकरं आली, मोठा नर पुढं होता. आण्णांनी बंदूक खांद्याला लावली. नळीचं टोक वाऱ्यातल्या काडीसारखं हलत होतं. बार उडाला, बांधावरची माती उडाली आणि डुकरं शेजारच्या उसात शिरली. आण्णांनी घाईघाईनं दारू ओतली, चिंधीवर गोळी ठेवली आणि गज खाली दाबला. गोळी कुठंही न अडता, सरसर, तळापर्यंत गेली. ते भरलेली बंदूक घेऊन उभे राहिले. रानात काहीच नव्हतं.

"गेली बघ," ते म्हणाले. "दुसरी गेली."

आणि ते माळ्यावर खाली बसले आणि रडायला लागले. मी माझ्या बापाला रडताना पाहिलेलं नव्हतं. मी बंदूक त्यांच्यापासून लांब सरकवली. उसात डुकरांचा आवाज येत होता.

सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्ही निघालो. दवाखान्यात आल्यावर ते आधी नळावर गेले आणि साबणानं हात घासत राहिले, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा. मीच त्यांना धरून आत नेलं. तिच्या खाटेपाशी ते उभेच राहिले. "वास येतुया हाताला," म्हणाले. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. बसा." ते बसले. तिनं त्यांचा हात धरला आणि ऑपरेशनला नेईपर्यंत सोडला नाही.

पाय मांडीतून गेला. आई वाचली, पण ती आधीची आई राहिली नाही, आणि आण्णाही आधीचे राहिले नाहीत. दोघं माझ्याकडं राजारामपुरीत राहायला आले. आण्णा तिला उठवत, बसवत, तिची वेणी घालत. कितीदा तरी त्यांचा हात तिच्या कापलेल्या पायाच्या जागेवर येऊन थबकायचा. बंदूक त्यांनी पोलीस ठाण्यात जमा केली. रान पडीक राहिलं. ते कसायला कुणी घेईना, कारण डुकरं कुणाचंच पीक ठेवत नव्हती. आण्णांनी तिकडं जायचं नाव पुन्हा काढलं नाही. ते आईच्या आधी गेले.

ते गेल्यावर आईनं हट्ट धरला, म्हणून मी तिला एकदा जीप करून गावच्या रानाकडं घेऊन गेले. बांधापाशी गाडी थांबवली. छातीएवढं गवत माजलं होतं, माळ्याचा एकच खांब उभा होता. मी कुबड्या काढायला लागले तर तिनं नको म्हणून हात केला. आत बसूनच ती बराच वेळ बघत राहिली.

"जमीन चांगली हाय की अजून," ती म्हणाली.

ड्रायव्हरनं गाडी वळवली.