मामांच्या ओसरीवर राहिलेल्या वस्तू

जगात कुणाचंही काहीही हरवलं, तरी ते फिरून फिरून पिंपळगाव राजाला आमच्या मामांच्या कोठीत येऊन पडतं, अशी लहानपणी माझी पक्की समजूत होती. मामांचं घर रस्त्याला लागून. शेगावला पायी जाणारी माणसं त्यांच्या ओसरीवर टेकत, पाणी पीत आणि उठताना हटकून काहीतरी विसरत. मामांनी त्यातलं काही टाकलं असेल तर शपथ! छत्र्या, काठ्या, उपरणी, चष्म्याची काडी, इतकंच काय, डाव्या पायाची एक चप्पलसुद्धा! "मामा, हा मानूस एकाच चपलीवर शेगावले गेला असन का?" मी विचारलं. "म्हनूनच तं वापस येईन ना बे!" म्हणत मामा चपलेला तेल चोळत राहिले. दर दिवाळीला हा सगळा पसारा अंगणात उन्हं खायचा. उंदरांनी कुरतडलेल्या उपरण्यांना मामा स्वतः टाके घालायचे. न्यायला मात्र तोवर कुणीही आलं नव्हतं.

अशात मामांची एकुलती लेक, कमलताई, पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची झाली. घरात आडोशाची खोली म्हणजे ती कोठीच, अन् तीही आढ्यापर्यंत भरलेली. "पोरगी काय छत्र्याइवर बाळंत होईन?" मामी कडाडल्या.

"अवं, लोकाइची अमानत हाय थे."

"अन् पोरगी कोनाची हाय?"

बाजाराच्या दिवशी मामांनी सगळं गाडीत घातलं आणि गावभर वाटलं. "मालक आला तं वापस द्या लागन हो!" असं प्रत्येकाला बजावलंही. खोली सारवली, बाज पडली, कमलताईला मुलगी झाली.

नात रांगायला लागली तेव्हा एक म्हातारा ओसरीवर येऊन टेकला. "भाऊ, मांगं माही काठी राह्यली होती येथं. पोरानं करून देल्ली होती. आता पोरगा नाही राह्यला, म्हनून आलो."

मामा चपला न घालताच धावले. घरोघर विचारलं. काठी कुणाच्या तरी चुलीत जळून गेली होती. परत येऊन मामा लहान पोरासारखे रडले. म्हाताराच त्यांची समजूत घालू लागला, "तुमी इतके दिवस ठेवली ना? लय झालं."

तो गेल्यावर पाहिलं तर ओसरीवर त्याची तंबाखूची डबी! मामींनी ती उचलली, पदरानं पुसली आणि बाळंतिणीच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवली. "येईन थो घ्याले," एवढंच म्हणाल्या.

आता मामा नाहीत, मामीही नाहीत. डबी माझ्याकडे आहे. मी तंबाखू खात नाही. बायको दर दिवाळीला विचारते, "ही टाकू का?" मी म्हणतो, "नको. लोकाची आहे."