पहिला नमुना

आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमच्या गावी, साखऱ्याला, तिच्या अकरा शेळ्या होत्या आणि त्यांच्या अंगावर गोचीड सापडत नाही, असा तिचा लौकिक होता. रोज दुपारी ती एकेकीचे कान, मांड्या चाचपायची, गोचिडी नखानं उपटायची आणि रॉकेलच्या डबीत टाकायची.

एका दुपारी तिच्याच मानेवर, केसांच्या कडेला, एक रुतून बसलेली दिसली. मी ती चिमट्यानं काढली. त्याआधी चिमटा दोनदा निसटला.

"पुस्तकं उलटायच्या हाताला एवढं बी जमंना का रे?" ती म्हणाली. मग हळूच, "कुनाला सांगू नको."

आठवड्यानं तिला ताप भरला. चौथ्या दिवशी हिंगोलीला नेलं. घरी शेळ्या आहेत म्हटल्यावर डॉक्टरांनी विचारलं, गोचीड चावली होती का? आक्का खाटेवर उठून बसली.

"आमच्या शेळ्यायला गोचीड न्हाई राहत, साहेब. गावात इचारा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचू लागलो.

तरीही त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. ते म्हणाले, ही तपासणी जंतू शोधत नाही, शरीरानं त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. ती दिसायला आठवडा-दीड आठवडा जातो. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा नमुना द्यायचा आणि दोन्ही ताडून पाहायचे. मला सगळं समजलं. अहवाल निगेटिव्ह आला, साध्या तापाच्या गोळ्या मिळाल्या, आम्ही घरी आलो. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला आक्का सांगायची की रक्तसुद्धा तपासलं, गोचिडीचं काही निघालं नाही. तापातही तिचा चेहरा खुलायचा. अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की पहिल्या आठवड्यातल्या निगेटिव्ह निकालावरून आजार नाही असं म्हणता येत नाही. ती ओळ मी वाचली होती. मोठ्यानं वाचली नाही.

तापाच्या दहाव्या दिवशी तिच्या तळहातांवर, तळपायांवर लाल ठिपके उठले. नांदेडला नेताना वारंगा फाट्यापर्यंत ती बोलत होती, शेळ्यांना पाणी पाजलं का विचारत होती. पुढे बोलणं थांबलं. नांदेडच्या डॉक्टरांना मी गोचिडीचं सांगितलं. तिला ऐकू येत नव्हतं, म्हणूनच सांगता आलं.

"हे आधी का नाही सांगितलं?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता औषध सुरू केलं. दुसरा नमुनाही तेव्हाच घेतला. तिसऱ्या दिवशी आक्का गेली.

त्या नमुन्याचा अहवाल तेराव्यानंतर आला. प्रतिपिंडं भरपूर वाढलेली होती.

परवा शेजारच्या वहिनी शेळ्या बघायला आल्या. एकीचा कान उलटून त्या थबकल्या. कानात गोचिडी भरल्या होत्या.

"आक्का गेली अन् काय दशा झाली बघा," त्या म्हणाल्या. "तिच्या हातात असत्या तर एक सापडली नसती."

"व्हय," मी म्हणालो.

त्यांनी नखानं एक उपटायला हात घातला. मी आत जाऊन चिमटा आणून दिला. कशासाठी, ते सांगितलं नाही.