चेंबरमधली वाळू

पोलीस खात्यात मी माणसांचे जबाब पुष्कळ घेतले, पण तेलाचा जबाब एकदाच घेतला. ती घटना अजून जशीच्या तशी आठवते.

तेव्हा मी चाकण पट्ट्यातल्या एका ठाण्यात होतो. सकाळची हजेरी आटोपत असतानाच फोन आला. बोलणारा नाव सांगेना. म्हणाला, "काल हायवेला तो ट्रक बंद पडला ना, त्याच्या इंजिनात ड्रायव्हरनंच वाळू टाकलीय. मालकाशी भांडला होता." आणि फोन बंद.

थोड्याच वेळात मालक येऊन उभा राहिला. जवळच्याच गावचा, शेतकरी घरातला, आता चार गाड्यांचा धनी. "साहेब, मलाबी तसलाच फोन आला. सुट्टी दिली न्हाई म्हणून चारचौघांत माझ्यावर ओरडला व्हता त्यो. आता इंजिन जाम हाय. उचला त्याला."

उचला म्हणायला काय जातं! तक्रार घेतली, पंच घेतले आणि गॅरेज गाठलं. ट्रक आदल्या संध्याकाळी तिथे ओढून आणला होता. मालकाच्या सगळ्या गाड्यांचं काम तिथलाच मेस्त्री करायचा. त्याने आमच्यासमोर तेल काढलं आणि तेल साठतं ते इंजिनाखालचं चेंबर उतरवलं. तळाशी मूठभर वाळू! पंचांनी एकमेकांकडे पाहिलं, मेस्त्रीने खिन्नपणे मान हलवली. आम्ही तेल आणि वाळू दोन्ही जप्त केलं.

ड्रायव्हरला भोसरीतल्या खोलीवरून आणलं. बीडकडचा माणूस, चाळिशीचा. मी आवाज चढवून पाहिला, गोडीत विचारून पाहिलं, उलटसुलट फिरवलं. उत्तर एकच. "भांडलो हे खरंय. वाळू न्हाई टाकली." मग म्हणाला, "साहेब, जेलाचं काय न्हाई. पण मुद्दाम इंजिन मारणारा म्हणून एकदा नाव झालं की इथं कुणी किल्ली हातात द्यायचं न्हाई. लेकरं शाळेत हायेत इथं. तुमी तेल तपासा. आधी ज्या ट्रान्सपोर्टात होतो तिथं दर सर्व्हिसिंगला तपासायचे."

चोर 'सोडा' म्हणतो. हा 'तपासा' म्हणत होता. मला नवल वाटलं. तेलात तपासायचं ते काय? काळं तेल ते काळं तेल. मी स्वतः स्कूटरचं तेलसुद्धा मेस्त्री म्हणेल तेव्हा बदलणारा माणूस.

सीलबंद नमुना सरकारी प्रयोगशाळेकडे पाठवायचा हे ठरलेलंच. पण अहवाल कधी येईल ते देव जाणे. म्हणून तेलाचा आणि वाळूचा दुसरा नमुना भोसरीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत द्यायचं ठरवलं. हवालदाराने त्यासाठी कोल्ड्रिंकची रिकामी बाटली धुऊन आणली. बाटलीचं सांगताच प्रयोगशाळेतल्या बाई फोनवरच करवादल्या, "तीत मुळीच घेऊ नका. पाण्याचा थेंब राहिला तरी मी लिहीन की इंजिनात पाणी शिरलंय." मुद्देमालाच्या बाबतीत बाई आमच्याहून कडक निघाल्या. त्यांच्याच बाटल्या मागवल्या.

निकाल ऐकायला मी स्वतः गेलो. अहवाल हातात घेतला असता तर काम झालं असतं, पण मला राहवेना. बाईंनी समोर बसवून सांगितलं, "तेलात दोन तऱ्हेची माती आहे. एक पिठासारखी बारीक. तिच्याबरोबर धातूचा चुरा आहे, म्हणजे पिस्टन आणि रिंगा झिजल्यात. ही धूळ हवेच्या वाटेने बरेच दिवस आत जात होती. इंजिन मेलं ते हिच्यामुळे."

"आणि वाळू?"

त्यांनी सूक्ष्मदर्शकाकडे बोट केलं. रव्यासारखे दाणे, कडा अगदी धारदार. "ही चालत्या इंजिनात पडली असती तर दळली गेली असती, काहीतरी ओरबाडलं असतं. हिने कशालाच हात लावलेला नाही. इंजिन बंद पडल्यावर टाकलीय, साहेब."

मी खुर्चीतून उठलोच. ट्रक बंद पडला तेव्हा मालक स्वतः हायवेवर पोचला होता. ड्रायव्हर त्याच्याच हातात किल्ली देऊन घरी गेला होता. ट्रक त्यानंतर होता गॅरेजमध्ये, कुलपात. आणि कुलपाची किल्ली मेस्त्रीकडे. निनावी फोनचा नंबरही तोवर निघाला होता, मेस्त्रीच्या मेव्हण्याचा.

गॅरेजमागच्या भंगारात त्या ट्रकचा एअर फिल्टर सापडला. आत जाणारी हवा गाळणारा त्याचा कागद फाटलेला. तो ठाण्यात टेबलावर ठेवल्यावर मेस्त्रीला फार विचारावं लागलं नाही. "नवा टाकायच्या ऐवजी हवा मारून तोच परत बसवत होतो, साहेब. सगळेच करतात. फाटलेला कळलाच नाही. गाडी आणल्यावर बघितलं, आणि रात्रीच वाळू टाकली, मेव्हण्याला फोन करायला लावला. मालकानं चारी गाड्यांचं काम काढून घेतलं असतं."

ड्रायव्हर तिथेच बाकावर होता. तो ना ओरडला, ना अंगावर धावला. एवढंच म्हणाला, "एका डब्यातलं जेवलो आपण. माझंच नाव का घेतलंस?"

मेस्त्री खाली बघत म्हणाला, "तुझं भांडण झालेलं ना. तुझं नाव सगळ्यांना लगेच पटणार होतं."

ते ऐकून मला त्याचा संताप आला, आणि त्याचं म्हणणं खरं होतं याचा जास्त आला. मालकाला पटलं होतं, पंचांना पटलं होतं. मालकाने पुढे ड्रायव्हरला गाडीवर परत बोलावलं आणि तो गेलाही. घर चालवायचं होतं. मी मात्र नोकरी संपेपर्यंत एक पथ्य पाळलं. एखाद्याचं नाव निघाल्याबरोबर सगळ्यांच्या माना डोलल्या, की त्याला आणायला गाडी पाठवण्याआधी मी विचारायचो, हे नाव पहिल्यांदा घेतलं कुणी?